गणपतीतल्या नऊजणी

आमच्या रुग्णालयात वर्षातले पाच दिवस ड्युटीचा तक्ता मेट्रन लावत नसे. तो नर्सेस आपापसात ठरवत. गोकुळाष्टमी झाली की एका दुपारी जेवणं आटोपून सगळ्याजणी चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत जमत. कोणी गठ्ठ्यांवर बसे, कोणी उलट्या बादलीवर. ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांनी जायचं. ज्यांच्या घरी बसत नाही त्यांनी राहायचं आणि डबल करायचं, म्हणजे सकाळची ड्युटी संपली तरी घरी न जाता दुपारचीही उरकूनच निघायचं. राहिलेल्यांची परतफेड शिमग्याला किंवा नाताळला व्हायची. हे सगळं तोंडी. जाणाऱ्यांची रजा लागे, डबल करणारी मात्र हजेरीपटावर एकदाच सही करी. त्यामुळे त्या पाच दिवसांत हजेरीपटावर नऊ सह्या दिसत. एरवी आम्ही बावीसजणी होतो.

ही पद्धत मी रोह्याला रुजू झाले त्याच्या आधीपासूनची. मेट्रन झाल्यावर मी तिला हात लावला नाही. बदललं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. निदान तो नऊचा आकडा माझ्या हाताला लागला नसता.

मी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली. वडील मिठागरात कामाला होते. पावसाळ्यात आगर बंद, म्हणून आई पेणला गणपतीच्या कारखान्यात जायची. तिथे मूर्तींना पॉलिश पेपर मारायचं काम असे. घरी आली की तिच्या भुवयांवरसुद्धा पांढरी धूळ दिसे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बारावी झाले आणि पेणच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मदतनीस म्हणून लागले. बेडपॅन धुवायचे, कापसाचे बोळे करायचे. तिथे एक नर्स होती. सगळे तिला ताई म्हणत, मीही म्हणायला लागले. ती पेणजवळच्या जिते गावची. रोज गाडीने यायची. एएनएमचं, म्हणजे नर्सिंगमधलं सगळ्यात छोटं प्रशिक्षण झालेलं, पण हात असा की डॉक्टरांना सापडली नाही ती शीर तिला सापडे.

महिन्याभरात एकदा तिने मला बोळे करताना पाहिलं आणि म्हणाली, "काय गो, बारावी सायन्स ना तू? मंग हितं कापूस वळत बसशील काय म्हातारी व्हईस्तोवर?"

मी म्हटलं, "घरी पैसे नायत, ताई."

"पैसं नंतर. फारम तर भर."

जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा फॉर्म तिने स्वतः आणला, माझ्याकडून भरून घेतला, आणि जातीचा दाखला काढायला तहसीलदार कचेरीत माझ्याबरोबर दोन खेपा घातल्या. तिथल्या कारकुनाने "उद्या या" म्हटल्यावर ती बाकावर बसून राहिली. "उद्याची गाडी चुकली तर? मी आजच उद्यापर्यंत बसते." कारकुनाने दाखला त्याच दिवशी दिला. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा कागद असा मिळाला.

पुढे रोह्याच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मला नोकरी लागली. पन्नास खाटा, बहुतेक पेशंट आसपासच्या गावांतले आणि धाटावच्या कंपन्यांमधले कामगार. ट्रस्टचे एक वयस्कर डॉक्टर होते. आम्ही त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचो. त्यांनी मला पगारी रजा देऊन बी.एस्सी. नर्सिंग करायला पाठवलं. फी ट्रस्टने भरली. पदवीचा फोटो आईने देवाजवळ लावला, तो अजून तिथेच आहे. परत आल्यावर चारच वर्षांत त्यांनी मला मेट्रन केलं. माझ्याहून मोठ्या दोघीजणी असताना केलं. या माणसाचे उपकार मी कधी विसरले नाही. त्याच न विसरण्याने पुढे माझं तोंड बंद केलं, तेही इथेच लिहून टाकते.

ताई माझ्याआधीच त्या रुग्णालयात आली होती. पेणचं नर्सिंग होम बंद पडलं आणि तिला इथे कंत्राटावर घेतलं. दर अकरा महिन्यांनी एक दिवस सुट्टी, मग नवं पत्र. अशी चौदा वर्षं गेली. नव्या मुलींना शीर शोधायला ती शिकवी, भाजलेल्या कामगाराचं ड्रेसिंग तिच्याशिवाय कोणाला जमत नसे. पण पत्रावर ती 'तात्पुरती' होती. तिला अट्ठावन्न पूर्ण व्हायला तीन वर्षं उरली होती. त्याच्या आत कायम झाली तर निवृत्तीच्या वेळी हातात काही पडेल, आजारपणात रुग्णालयाची सवलत मिळेल. नवरा नव्हता. मुलगा रिक्षा चालवायचा. मेट्रन झाल्याच्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, "ताई, तुझं कायमचं मी करणार."

ती म्हणाली, "कर गो. पन घाई नको, बारा वर्षं झाली, अजून एकादं जाईल." आणि सगळ्यांसमोर मला "मॅडम" म्हणून हसली.

गणपतीच्या बैठकीत ताई दरवर्षी सगळ्यांच्या आधी नाव सांगायची. "मी हाय. डबल लावा." कोणी म्हणालं, ताई, तुमच्याकडे पण बसतो ना, की तिचं ठरलेलं उत्तर: "दीड दिवसाचाच तर हाय. माझा देव घाईतला. सकाळी बसवते, दुसऱ्या दिवशी पोरगा पोचवतो. त्याला काय मी पायजे?"

म्हणजे घरी गणपती असूनही राहणारी ती एकटीच. तिचं नाव आलं की बाकीच्यांना नाही म्हणायला जड जाई आणि तक्ता भरून जाई. केरळच्या दोघी, रोह्यातलीच एक मुस्लिम सिस्टर आणि आणखी पाचजणी. ताई धरून नऊ.

मी मेट्रन झाल्याच्या तिसऱ्या वर्षी रुग्णालयात नवे प्रशासक आले. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. आधी धाटावला कुठल्याशा कंपनीत मनुष्यबळ विभागात होते. चांगले बोलत. कोणावर ओरडत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, पुढच्या तीन वर्षांचा नर्सिंगचा आराखडा हवा. किती माणसं, का, किती खर्च. तुम्ही नेतृत्व करता ना? मग भविष्य तुम्हीच लिहायचं."

मला फार बरं वाटलं. आजवर कोणी मला विचारलं नव्हतं. भविष्य म्हणजे आमच्या घरी पुढच्या मोसमात आगराचा मालक कोणाला ठेवतो एवढंच असे.

महिनाभर मी घरी जेवणं झाल्यावर तो आराखडा लिहीत होते. पनवेलला दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले होते तिथल्या टिपणांची वही काढली. तिथे एक बाई सांगत होत्या, मागण्या करू नका, आपल्या माणसांचं कर्तृत्व दाखवा, व्यवस्थापन आपोआप देईल. मी ते अधोरेखित करून ठेवलं होतं. पेणच्या शाळेत निबंधाला मला नेहमी चांगले गुण मिळत. बाई म्हणायच्या, मजकुराच्या मध्यावर एक सुंदर परिच्छेद हवा, वाचणाऱ्याच्या लक्षात राहील असा. मी तसा एक परिच्छेद लिहिला. त्याचं शीर्षक होतं 'सेवाभावाचे उदाहरण'. तो मला अजून पाठ आहे. "गणेशोत्सवाच्या पाच दिवसांत केवळ नऊ परिचारिका संपूर्ण रुग्णालय समर्थपणे सांभाळतात. या काळात आजवर एकही तक्रार आलेली नाही. यात आमच्या ज्येष्ठ कंत्राटी परिचारिकेचा वाटा सर्वांत मोठा आहे. घरी दीड दिवसाचा गणपती असूनही त्या दरवर्षी कामावर राहतात. अशा अनुभवी व्यक्तीस सेवेत कायम करावे, ही नम्र शिफारस."

हे वाचल्यावर ताईला कोण नाही म्हणणार, असं मला वाटलं होतं.

काय लिहिलं नाही तेही सांगायला हवं. गणपतीत पेशंटच नसतात हे लिहिलं नाही. चतुर्थीच्या आधी तीन दिवस जो तो डिस्चार्ज मागतो. टाके ओले असले तरी मागतो. ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलतात. पन्नासातल्या पंधरा-वीस खाटा भरलेल्या असतात. नऊजणी प्रत्यक्षात अठराजणींचं काम करतात हे लिहिलं नाही, कारण डबल ड्युटी नियमात बसत नव्हती. लिहिलं असतं तर, इतकी वर्षं का चालू दिलं, असं मलाच विचारलं असतं. आणि मावश्यांचं लिहिलं नाही. आमच्या तीन मावश्या त्या दिवसांत फरशी पुसून झाली की पेशंटला भरवायला बसत, बेड बदलायला हात लावत. त्यांचं लिहायचं मला सुचलंच नाही. मी नर्सिंगचा आराखडा लिहीत होते, मावश्या नर्सिंगमध्ये येत नाहीत.

ट्रस्टच्या बैठकीला मी कडक इस्त्रीची साडी नेसून गेले. मोठे डॉक्टर होते, आणखी चार विश्वस्त होते. साहेबांनी माझा आराखडा झेरॉक्स करून सगळ्यांना दिला होता. त्यांनी तो नऊजणींचा परिच्छेद मोठ्याने वाचला. एका विश्वस्तांनी मान डोलावली. "छान लिहिलंय," म्हणाले. मला कान गरम झाल्यासारखे वाटले.

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, म्हणजे नऊजणींत चालतं?"

मी म्हटलं, "चालतं, सर."

तो शब्द मी ज्या आनंदाने उच्चारला, त्याची मला आजही लाज वाटते.

"पाच दिवस?"

"हो, सर. दरवर्षी."

"एकही तक्रार नाही."

"एकही नाही."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, कागद मोठ्या डॉक्टरांकडे सरकवला. "सर, नऊमध्ये पाच दिवस चालतं. मी नऊ म्हणत नाही. मी पंधरा म्हणतो. नऊच्या जवळजवळ दुप्पट. सात कंत्राटं आहेत, त्यांची मुदत या मार्चला संपतेच आहे. कोणाला काढावं लागणार नाही. फक्त नवं पत्र द्यायचं नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी बोलायला लागले. पेशंट तेव्हा कमी असतात, ऑपरेशनं नसतात, आणि सर, त्या डबल करतात. साहेब शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "डबल? हजेरीपटावर तर एकच सही आहे. आराखड्यातही नाही. मॅडम, हे आता सांगताय?"

मी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. ते कागदाकडे पाहत होते. रुग्णालय तोट्यात होतं हे मला माहीत होतं. ते स्वतःची तपासणी फी घेत नव्हते हेही माहीत होतं. शेवटी ते म्हणाले, "तू हुशार मुलगी आहेस. घेशील सांभाळून."

माझ्या फीची पावती ज्यांच्या सहीने निघाली, त्यांना मी भर बैठकीत काय म्हणणार होते? मी म्हटलं, "हो, सर."

ताईला मी त्याच चादरींच्या खोलीत गाठलं. ती घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं. परिच्छेदही सांगितला, कारण लपवून काही उपयोग नव्हता, साहेबांच्या शिपायाने तो आधीच अर्ध्या स्टाफला वाचून दाखवला होता.

तिने घडी पुरी केली. "नऊ लिवलंस?"

"हो."

"माझं कायमचं व्हावं म्हनून?"

"हो, ताई."

"आनि डबल नाय लिवलंस?"

"नाही."

"का गो?"

"नियमात नाही ते."

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने दुसरी चादर घेतली, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि दोघींनी मिळून ताणतात तशी ती ताणली. "चौदा वर्षं मी दोनांचं काम केलं, आनि एकीची सही केली. चूक माझीच हाय. दोन सह्या करायला पायजे व्हत्या." मग म्हणाली, "धर नीट, तिरकी व्हतेय."

मी तिला म्हटलं, मी राजीनामा देते. ती म्हणाली, "दे. आनि मंग? तुजी आई कारखान्यात जाईल पुन्ना?" मी राजीनामा दिला नाही. तिने मला त्यातून सोडवलं, की मला कायमचं अडकवलं, हे मला ठरवता आलेलं नाही.

सात पत्रांवर मेट्रन म्हणून माझी सही लागली. 'आपली सेवा मुदत संपल्यामुळे.' शेवटच्या दिवशी ताईने दुपारच्या मुलीला प्रत्येक खाटेजवळ नेऊन हँडओव्हर दिला. अकरा नंबरला सुई दुखते, डाव्या हाताला लाव. सतरा नंबर रडतो तो औषधासाठी नाही, मुलगा आला नाही म्हणून. एवढं करून तिने रोह्याच्या स्टेशनची वाट धरली. निरोप समारंभ झाला नाही. तो कायम झालेल्यांचाच होतो.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगते. दुपारच्या पाळीला पन्नास खाटांवर दोघी. एक इंजेक्शनं देत फिरे, दुसरी फोन, नातेवाईक आणि नवे दाखल होणारे यांच्यात अडके. सलाईन संपून नळीत रक्त चढलेलं मी स्वतः तीनदा पाहिलं. म्हातारे पेशंट बेल वाजवायची सोडून देत, कारण कोणी येत नाही हे त्यांना कळलेलं असे. एक मुलगी, चांगली हुशार, माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "मॅडम, मला शिव्या चालतील, पण मला पेशंटचे डोळे चुकवायला लागतात, ते नाही चालत." ती पनवेलला गेली. तिच्या जागी आलेल्या मुलीला शीर सापडत नव्हती, आणि शिकवायला कोणाकडे वेळ नव्हता.

साहेब दर सोमवारी विचारत, "चाललंय ना, मॅडम?" मी नाही म्हणत असे. मग ते विचारत, "काही बंद पडलंय का?" बंद काही पडलेलं नसे. नर्सिंगचं हेच वाईट आहे. मशीन बंद पडतं, लिफ्ट बंद पडते, वॉर्ड बंद पडत नाही. कोणीतरी न जेवता तो चालू ठेवतं. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात मी डबल, खाटा, मावश्या सगळं तक्ते करून लिहिलं. त्यावर साहेबांचा शेरा आला, 'गतवर्षीच्या निवेदनाशी विसंगत'. तो मी खोडू शकले नाही, कारण तो खरा होता.

पण त्याआधी गणपती आले.

चादरींच्या खोलीत त्या वर्षी पंधराजणी बसल्या. पहिलं नाव सांगणारं कोणी नव्हतं. शेवटी केरळच्या एकीने हात वर केला. ओढून-ताणून आठ झाल्या. त्या वर्षी तापाची साथ होती. लोक डिस्चार्ज मागत होते, पण सोडायच्या अवस्थेत नव्हते. चतुर्थीला अडतीस खाटा भरलेल्या. मी स्वतः वॉर्डात उतरले होते.

साहेबांचा घरून फोन आला. मागे आरती चालू होती. मी म्हटलं, सर, माणसं हवीत. ते म्हणाले, "एजन्सीकडे या दिवसांत कोणी नाही. तुमच्या त्या ज्येष्ठ सिस्टर आहेत ना, त्यांना विचारा. त्यांचा दीड दिवसाचाच असतो ना गणपती? उद्या दुपारपर्यंत मोकळ्या होतील. रोजावर घेऊ."

त्यांना हे माझ्याच कागदावरून ठाऊक होतं.

मी ताईला फोन केला नाही. फोनवर विचारायचं तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी, ऋषीपंचमीला, सकाळची औषधं वाटून झाल्यावर मी दुपारपर्यंतची उसंत मागून घेतली. रोह्यातल्या एका डॉक्टरांच्या ड्रायव्हरने पेणपर्यंत सोडलं, तिथून रिक्षाने जिते. रस्त्यात घराघरांतून धुपाचा वास, लाऊडस्पीकर. विसर्जनाची तयारी चालली असेल, मूर्तीसमोरून आरास काढत असतील, असं मी धरून चालले होते.

ताईचं घर स्टेशनच्या पलीकडे, दोन खोल्यांचं. ओट्यावर नातू फुग्यांना गाठी मारत होता. आत मूर्ती होती, ताज्या दुर्वा होत्या, आणि आरास कोणी काढत नव्हतं. उलट ताईचा मुलगा स्टुलावर चढून नवी माळ लावत होता.

ताई चुलीपासून उठून आली. "ये गो मॅडम. बस. घामानं भिजलीस." तिने पाणी दिलं, मग ताटलीत करंज्या. मी खाल्ल्या नाहीत. ताटली तशीच हातात धरून बोलले. अडतीस पेशंट, आठजणी, त्यातली एक कालपासून तापाने झोपलेली. रोजावर घेतो म्हणतात.

"रोजावर," ती म्हणाली.

"तुझा आज जातो ना गणपती? म्हणून विचारलं."

"आज नाय जात." तिने मूर्तीकडे पाहिलं. "औंदापासून पाच दिवसांचा केला. गौरीबरोबर जाईल. पोरगा म्हनाला, आये, आता तुला कुटं जायचंय? मी म्हटलं व्हय, खरंच की, मला आता कुटं जायचंय?"

मुलगा स्टुलावरून खाली न पाहता म्हणाला, "चौदा वर्षं आमचा गणपती हॉस्पिटलच्या टायमाने उठला, मॅडम. मी विसर्जनाला एकटाच पाट घेऊन जायचो. लोक विचारायचे, आई हाय ना रं तुला?"

"तू गप," ताई म्हणाली.

मी म्हटलं, "ताई, माझ्यासाठी नको. पेशंटसाठी."

मी हे बोलायला नको होतं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग दिसला, तो त्याच वेळी. "पेशंटचं मला सांगू नको. पेशंट मला ठावं हायत. तुझ्याआधीपास्नं ठावं हायत." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी आले ना, तर चालंल. आनि चाललं की तुजा साहेब पुढच्या वर्षी आठ लिवंल. आठाचं सात करंल. मी यनं म्हंजे त्याला वाट दावनं. नाय यायची मी."

मी उठले. तिच्या पाया पडायला वाकले, तिने हात धरून वर केलं. "थांब. मोकळ्या हातानं जाऊ नको." तिने डबा काढला. "किती जनी हायत तुमी?"

"आठ," मी म्हटलं.

तिने डब्यात करंज्या मोजून ठेवल्या. एक, दोन, असं तोंडाने म्हणत. आठ झाल्यावर झाकण लावलं. परातीत अजून ढीग होता. मी त्याच्याकडे पाहतेय हे तिला दिसलं.

"तू सांगितल्यास तेवढ्या दिल्यात," ती म्हणाली. "तू सांगशील तेवढंच धरायचं ना?"

रिक्षाने पेणला आले, तिथे बराच वेळ एसटी नव्हती. कारखान्यांसमोरच्या रिकाम्या मांडवांत उरलेल्या मूर्ती प्लॅस्टिकने झाकून ठेवल्या होत्या. आई तिथे कामाला होती तेव्हापासून अशा मूर्तींकडे मी आपल्या हक्काने पाहत असे. त्या दिवशी एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले आणि नागोठणं गेलं तरी रडू आलं नाही. माझा राग साहेबांवर होता, मोठ्या डॉक्टरांवर होता, पनवेलच्या त्या बाईंवर होता. आणि शाळेतल्या निबंधाच्या गुणांवर सगळ्यात जास्त होता.

वॉर्डात पोहोचले तेव्हा दुपारचं औषधवाटप अर्ध्यावर होतं. नर्सेसच्या टेबलावर मी डबा उघडला. "ताईने पाठवल्यात." मुलींनी एकेक उचलली. रात्रपाळी करून झोपायला गेलेल्या दोघींच्या आणि ताप असलेलीची ताटलीत झाकून ठेवली. डबा रिकामा झाला.

मावशी हातात मोप घेऊन दाराशी उभी होती. मागे दुसरी, सलाईनच्या बाटल्यांची पेटी उचलून. तिसरी चोवीस नंबरला पेज भरवत होती. आठमध्ये मी त्यांना धरलं नव्हतं. पुन्हा धरलं नव्हतं. स्वतःलाही नव्हतं धरलं.

एका मुलीने आपल्या करंजीचा तुकडा मोडून मावशीपुढे केला. मावशीने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. "नको गो. माझी ऋषीपंचमी हाय आज."

सकाळीच तिने माझ्यासमोर चहात दोन बटर बुडवून खाल्ले होते.

मग तो तुकडा मुलीने माझ्यापुढे केला. "मॅडम, तुम्ही?"

मी म्हटलं, "माझीही ऋषीपंचमी आहे," आणि औषधांची ट्रॉली घेऊन एक नंबरच्या खाटेकडे गेले.